नव्व्याण्णव वर्षं विरुद्ध सुभेदार

झाडांना बढती देणारा, आणि वेळ पडली तर त्यांचा हुद्दा काढून घेणारा माणूस या पृथ्वीवर एकच होऊन गेला, आणि तो आमच्या सासूबाईंचा थोरला भाऊ होता. नात्यानं माझे मामेसासरे. तोंडावर मी त्यांना मामा म्हणे, पाठीमागे सगळ्या गावासारखं सुभेदार. फौजेतून सुभेदार होऊन परतले होते, आणि फौज काही केल्या त्यांच्यातून परतायला तयार नव्हती. आमचं गाव म्हणजे सातारा आणि सांगली यांच्या मधे पाय पसरून बसलेलं एक चिमुकलं जुनं संस्थान. राजे गेले, हत्ती गेला, बँडवाले गेले. राहिली ती नदीकाठची बाग. राजेसाहेबांना झाडांचा नाद. त्यांनी कुठून कुठून जहाजानं, रेल्वेनं, बैलगाडीनं झाडं मागवली, लावली आणि प्रत्येकासमोर निळ्या पत्र्याची पाटी रोवली. संस्थान विलीन झालं तेव्हा बागही सरकारजमा झाली आणि दारावर 'सरकारी वनस्पती उद्यान' अशी अक्षरं आली. सरकारनं तिथे दोन माळी नेमले. सुभेदारांनी स्वतःला नेमलं.

पहाटे खाकी अर्धी चड्डी, वर घरचा सदरा, डोक्याला वैशाखातसुद्धा लोकरीची कानटोपी आणि गळ्यात शिट्टी, अशा थाटात ते बागेत शिरत. मग हजेरी. "गुलमोहर!" म्हणून गरजत आणि जरा बारीक आवाजात स्वतःच उत्तर देत, "हाजिर साब!" दाराजवळचा अवाढव्य पर्जन्यवृक्ष कर्नल होता, त्याला सलाम. अशोकांची रांग म्हणजे जवान. त्यांच्यात एखादा वाकडा वाढला की त्याला सगळ्यांदेखत झापणं. विहिरीजवळच्या फणसाला दोन वर्षं फळ धरलं नाही तेव्हा त्यांनी त्याचा हवालदाराचा नाईक केला होता. मी लग्न होऊन नवीन आलेली. मला वाटलं, थट्टा असेल. म्हणून एका सकाळी हसत हसत त्या फणसाला 'हवालदारसाहेब' म्हटलं. सुभेदार गंभीर झाले. "सूनबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "त्येच्यासमोर नगा. आदीच मन मारून उबा हाय." पुढच्या वर्षी त्या फणसाला बुंध्यापासून फळं लटकली, आणि सुभेदारांनी त्याला हुद्दा परत दिला त्या दिवशी आमच्या घरी गव्हाची खीर झाली. खीर त्यांनी स्वतः फणसाला नेऊन दाखवली आणि मग खाल्ली.

आता तुम्हाला वाटेल, एवढी झाडांची माया म्हणजे झाडांचं ज्ञानही असणार. छे! झाडांबद्दल त्यांना जे जे माहीत होतं ते ते चूक होतं. ओळखू न येणारं प्रत्येक झाड ब्रह्मदेशातून आलेलं. कुठल्याही पानाचा काढा कुठल्याही दुखण्यावर. एकदा माझ्या खोकल्यावर त्यांनी असला एक पाला उकळून दिला की माझा आवाज तीन दिवस बसला. घरात त्या तीन दिवसांची आठवण पुढे कित्येक वर्षं सणासारखी काढत, यावरून त्या काळी मी किती बोलत असेन ते ओळखा. मी तेव्हा चोवीस वर्षांची आणि सर्वज्ञ होते. सांगलीला कॉलेजात एक वर्ष बॉटनी घेतली होती. ती मला झेपेना म्हणून परत केली आणि मराठी घेऊन बी.ए. झाले. पण परत केलेल्या वस्तूवरसुद्धा आपला हक्क राहतो अशी माझी समजूत. गावात कुणी नवीन भेटलं की मी पहिल्या पाच मिनिटांत पदवी सांगे, आणि सहाव्या मिनिटाला एखाद्या फुलाचं लॅटिन नाव. नाव नेहमी तेच असे. फूल बदले.

सुभेदारांचा खरा वैरी म्हणजे फांदीचोर. आणि आमच्या भागातली एक गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावर उभं आहे. आमच्याकडे बायकांची ठाम समजूत अशी की मागून आणलेलं रोप लागत नाही. विकत आणलेलंही रुसून बसतं. चोरून आणलेली फांदी मात्र उलटी रोवली तरी फुटते. त्यामुळे ज्या बायका शेजारणीचं चिमूटभर मीठ परत केल्याशिवाय झोपणार नाहीत, त्या देवळाला जाते सांगून बागेत येत आणि जाताना पदराखाली काहीतरी हिरवं घेऊन जात. सुभेदार शिट्टी फुंकत. बाई थांबे. पण परस्त्रीच्या पदराकडे बघणं म्हणजे त्यांना मरण, ते ताबडतोब पाठ फिरवून, छाती पुढे काढून हुकूम देत, "बाई, जे काय असंल ते खाली ठिवा!" बाई एखादं वाळकं पान खाली ठेवी आणि फांदीसकट चालती होई. सुभेदार वळत, ते पान उचलत आणि माल जप्त केल्याच्या समाधानात आमच्याकडे जेवायला येत. "आज तीन चोर धरले," असं सासूबाईंना सांगत. सासूबाई परातीत पीठ मळता मळता म्हणत, "बरं झालं बया. लय माजल्यात चोट्ट्या."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नदीचा ओढा झाला, ओढ्याची वाट झाली. बागेची विहीर आटली, माळ्यांना खडी फोडायच्या कामावर पाठवलं. मोठी झाडं कशीबशी तगली, पण नदीकडचा अर्धा भाग, जिथे राजेसाहेबांची नाजूक, दूरदेशीची झाडं होती, तो पार उघडा पडला. राहिल्या नुसत्या पाट्या. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, आणि मागे भेगाळलेली जमीन. पाऊस परत नीट पडायला लागला तरी तिथे नवीन कुणी काही लावलं नाही. सुभेदार मात्र त्या पाट्यांचीही हजेरी घेत. पाटीसमोर उभं राहून पाटीचं नाव घेत, थोडं थांबत, आणि "सुट्टीवर" म्हणून पुढे जात.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, आषाढात, सकाळच्या पेपरात ती बातमी आली. पेपर मोठ्यानं वाचून दाखवण्याचं काम अर्थातच बी.ए. सुनेकडे. सरकारी वनस्पती उद्यानांच्या जमिनीपैकी उद्यानाच्या कामी न लागणारा, रिकामा भाग दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं देता यावा यासाठी विधेयक येत आहे. मुदत नव्व्याण्णव वर्षं. कुठल्या बागेत किती भाग रिकामा आहे ते पाहायला समिती फिरणार. आणि आमच्या बागेच्या नदीकाठच्या भागासाठी हॉटेल, लॉजिंग आणि मंगल कार्यालयाची मागणी आलेलीच आहे. मागणी करणारे गृहस्थ साखर कारखान्याचे एक संचालक होते. त्यांची माणसं परवाच बागेत येऊन फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून गेली होती. इथे स्वयंपाकघर, इथे खोल्या, आणि इथे नदीकडे तोंड करून गच्ची.

गच्ची! माझे डोळेच लकाकले. नदीकडे तोंड केलेली गच्ची, वेताची खुर्ची, समोर आइस्क्रीम, हातात कादंबरी, आणि जाणारे-येणारे विचारताहेत, त्या कोण हो? एवढं सगळं मला एका श्वासात दिसलं. मी वाचता वाचता टाळी वाजवली. "मामा, गाव सुधारणार!"

सुभेदार चहाची बशी तशीच धरून बसले होते. "नव्व्याण्णव वर्सं," ते म्हणाले. "म्हंजी मी किती वर्साचा हुईन?"

"एकशे सहासष्ट," आमचे हे म्हणाले. हे शाळेत गणित शिकवत. घरात बोलत ते तेवढंच.

"जमणार न्हाई," सुभेदार विचार करून म्हणाले. "गुडघं आत्ताच कुरकुरत्यात."

मी त्यांची समजूत घालायला बसले. म्हटलं, मामा, ती बाजू तर नुसती माती आहे, तिथे आहे काय? त्यावर ते जे बोलले ते इतक्या सपाट आवाजात की मला आधी कळलंच नाही. "तुमची मामी," ते म्हणाले. "वर्साला दोन म्हैनं सुट्टी मिळायची. घरात चौदा माणसं. बायकूसंगं बोलायचं कुटं? जेवताना ती वाढायची, म्या खाली मान घालून जेवायचा. मग सांजच्याला ती पाण्याला म्हणून नदीवर यायची आन म्या हितं पाटीम्हागं उबा ऱ्हायाचा. त्या सायबाच्या चाफ्याच्या. आमचा सारा संसार त्या अर्ध्या बागंत झाला, सूनबाई. आख्ख्या आठ सुट्ट्या." मामी जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली असतील. माझ्या गच्चीवरची वेताची खुर्ची, आइस्क्रीम, सगळं त्या क्षणी नदीत पडलं. कादंबरी तेवढी मी वाचवली.

"मग त्यांना लिहून द्या की ती जागा रिकामी नाही!" मी उठून उभीच राहिले. मला बाजू बदलायला वेळ लागत नसे, आणि बदलली की मी जुन्या बाजूवाल्यांवर सगळ्यांत जास्त चिडे.

"लिवून काय करू? जागा रिकामीच हाय की. झाडं मेली. पाट्या हायती."

"कोण म्हणतं मेली?" स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. काटक, बुटक्या, आणि आपल्या भावाला जगात एकट्याच न घाबरणाऱ्या. "दादा, ऊठ. परसात चल."

परसात, न्हाणीच्या मोरीचं पाणी जिथे पडे तिथे, एक हिरवंगार झुडूप होतं. मी रोज बघत होते; पुरुषमाणूस मात्र बायकांच्या न्हाणीकडे कधी फिरकत नसे. त्याचं एक पान चुरगाळलं की लवंग, दालचिनी आणि जायफळ असे सगळे वास एकदम येत, आणि आमच्या घरच्या मटणाच्या रश्शाची ख्याती पार रहिमतपूरपर्यंत गेली होती ती त्या पानामुळे. सुभेदार बघतच राहिले. "ह्ये तर... ह्ये तर पाटी तीनचं! बर्मावालं!"

"कुटलं का आसंना. तुज्या बागंतलं हाय. दुष्काळात तिकडचं वाळलं, हितलं भांड्याच्या पाण्यावर जगलं. तू धा वर्सं चोरीचा रस्सा वरपतुयास, दादा. आन वर म्हन्तुयास, आक्का, आज लय झ्याक झालाय!"

फौजी माणूस गोळी लागल्यावर कसा दिसत असेल ते मी त्या दिवशी पाहिलं. सुभेदार न्हाणीच्या दगडावर बसले. सासूबाईंनी त्यांना वेळ दिला नाही. बोटांवर मोजत त्यांनी एकेक घर सांगायला सुरुवात केली. तांबट आळीत साहेबाचा चाफा. शिंप्याच्या घरामागे कापराचं झाड. मारुतीजवळच्या वहिनींकडे कसली कसली वेल. राजेसाहेबांची मेलेली बाग सगळीच्या सगळी गावाच्या परसांत, मोऱ्यांच्या कडेनं, खरकट्या पाण्यावर जिवंत होती!

मी तर नाचायचीच बाकी होते. "मग मागून आणू या! आजच!"

नणंदेनं भावजयीकडे बघावं तसं सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मागून? आन लागायचं कसं गं? बी.ए. झालीस आन येवढं ठावं न्हाई?" मग भावाकडे वळून, "चोरायला पायजे, दादा. तूच. बाग तुजी हाय."

सुभेदार ताडकन उठले. "म्या चोरी करू? आक्का, जीभ आवर! उभ्या जन्मात दुसऱ्याच्या काडीला हात लावला न्हाई!"

"मग ऱ्हाऊ दे. हुटेलात मंग लगीन लागताना अक्षता टाकायला जा. त्याच चाफ्याच्या जागंवर."

सुभेदार दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या ह्यांचा पायजमा घालून आले. खाकी उतरवली होती, शिट्टी खुंटीला टांगली होती, कारण तसल्या कामाला सरकारी पोशाख बाटवायचा नाही. हातात खुरपं. आणि चेहरा असा की चोरी होण्याआधीच पकडला जावा.

पहिला दरोडा बहिणीच्याच परसात. सासूबाई पाठ करून तांदूळ निवडत बसल्या. कुणाला न उद्देशून मोठ्यानं म्हणाल्या, "आज लय झोप आल्यावानी झालंय बया. काय दिसंना का ऐकू यीना." सुभेदार फाटकाशी खोकले. सवयच ती, कुणाच्या घरात शिरताना खोकायचं. मग चवड्यांवर झुडपाशी गेले आणि खणायला लागले.

"मुळाला धक्का लावू नगंस!" सासूबाई तांदळाकडे बघतच ओरडल्या.

"तू बगतीयास!"

"म्या कुटं बगतीया? खुरप्याच्या आवाजावरनं कळतंय. खालची माती घे. आजून. आजून घे रं, मुंबईला न्यायचंय व्हय?"

रोप बागेत गेलं, पाटी तीनच्या मागे बसलं. श्रावणाची ओल होती. चौथ्या दिवशी त्याला कोवळी लाल पालवी दिसली आणि मग आमच्या गावात जे सुरू झालं तसलं काही मी आजतागायत पाहिलेलं नाही. सुभेदार चोरी करताहेत ही बातमी आळीआळीतून फिरली. बायका सकाळी परसात येऊन पाठ करून उभ्या राहू लागल्या. कुणी वेणी घालतंय, कुणी उगाच भिंतीला बोलतंय. एकीनं चोरासाठी उंबऱ्यावर चहा झाकून ठेवला. एका घरी सुभेदार गेले नाहीत तर ती बाई आमच्या दारात भांडायला आली. "आवं, आमच्याकडचं काय वंगाळ हाय व्हय? सगळ्या आळीत चोरी झाली, आमचंच घर तेवढं सोडलं! लोकं काय म्हणतील?" दुष्काळात कवठे महांकाळकडून मेंढरं घेऊन आलेलं एक कुटुंब गावाबाहेर राहत होतं, त्यांच्या मेंढरांनी बागेचं कुंपण खाल्लं म्हणून सुभेदारांचं त्यांच्याशी हाडवैर. त्या घरच्या बाईनं स्वतः निरोप धाडला की आपल्या खोपटामागेही बागेतली कोरफडीसारखी काटेरी काहीतरी आहे, ती चोरून न्यावी. सुभेदार गेले तेव्हा ती पाठ फिरवून म्हणाली, "आमच्या मेंढरांनी काय खाल्लं त्ये तुमी बगितलंसा. ह्यो कायदा बसल्या जागी आर्धी बाग खातुया, त्येला शिट्टी कुटं वाजविलीसा?" सुभेदारांनी त्या दिवशी तिला पाठमोरीलाच सलाम केला.

माझ्यावर दोन कामं होती. एक, पहारा. कुणी परका दिसला तर खुंटीवरची शिट्टी वाजवायची. ती मी एकदाच वाजवली, आणि ते आमचे हेच निघाले, शाळेतून डबा न्यायला आलेले. दुसरं काम शास्त्रीय. चोरीची रोपं नाव सांगत नाहीत. कुठलं कुठल्या पाटीमागे लावायचं हे कोण ठरवणार? मी! पदर खोचून, हनुवटी वर करून, पानं उन्हात धरून बघत मी निवाडे दिले. "हे इथे. ते तिथे." सुभेदारांना माझ्या ज्ञानाचा केवढा आदर वाटे! त्यांचं ज्ञान आणि माझं ज्ञान एकत्र आल्यावर काय झालं ते आता ऐका.

समिती आली ती भर उन्हात, जीपमधून. प्रांतसाहेब, एक कारकून, आणि पुण्याहून आलेले उद्यान खात्याचे अधिकारी. सफारी सूट, बारीक मिशी, फुलापेक्षा पानाकडे आधी बघणारे. सगळं गाव जमलं होतं. आणि नदीकाठच्या भागाच्या दुतर्फा गावातल्या झाडून सगळ्या बायका उभ्या होत्या, ठेवणीतली लुगडी नेसून, सगळ्याच्या सगळ्या झाडांकडे पाठ करून. कारण नियम असा की चोरीला गेलेलं रोप नीट मूळ धरेपर्यंत धनिणीनं त्याच्याकडे बघायचं नाही.

मी माहिती द्यायला पुढे. पाटी वाचायची, मान डोलवायची. अधिकारी पहिल्या पाटीशी थांबले, वाकले, पान चुरगाळून हुंगलं. "पाटी दालचिनीची आहे," ते म्हणाले. "हा कढीपत्ता आहे."

"जंगली दालचिनी," मी म्हटलं.

दुसऱ्या पाटीशी ते जरा जास्त वेळ थांबले. तिसऱ्या पाटीच्या आळ्यातून त्यांनी भाताची शितं आणि चहाचा चोथा बोटावर घेतला. पाचव्या पाटीच्या आळ्यातून फुटक्या बांगडीचा तुकडा निघाला. त्यांनी तो उन्हात धरला. मग त्या पाठमोऱ्या रांगेकडे बघत म्हणाले, "आणि या सगळ्या अशा का उभ्या आहेत?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती आणि तिन्ही लॅटिनसकट. पण त्याआधी सुभेदार पुढे झाले. त्यांनी त्या दिवशी पूर्ण खाकी चढवली होती, पदकांसकट. टाच टाचेवर आपटून ताठ उभे राहिले. "साब," ते म्हणाले, "खोटं बोलून चौकी राखायची आपल्याला सवय न्हाई. ह्यो समदा माल चोरीचा हाय. चोर म्या. बाकी कुनाचा हात न्हाई. पंचनामा करा."

झालं!  मी मनात मंगल कार्यालयाचा बँड ऐकला.

"कुणाच्या घरून चोरलात?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"ह्यांच्या." सुभेदारांनी रांगेकडे हात केला.

"आणि यांनी कुठून आणली?"

 ज्या बायकांना जन्मभर चोर म्हटलं त्यांची नावं सांगायला सुभेदारांची जीभ उचलेना. रांगेत चुळबूळ झाली. मग सासूबाई, पाठ न वळवता, नदीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बागंतनंच नेली की, सायेब! सुकाळात चोरली, दुष्काळात जगिवली. लहान पोरं प्यायला पानी मागायची, तवा बी एक तांब्या मोरीकडं सोडला. आता काय फाशी देताय?"

 रूमाल काढून अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. मग विचारलं, "अजून आहेत का कुणाकडे?"

"माज्याकडं दोन हायती!" एक पाठ म्हणाली.

"माज्याकडं पाच!"

"माज्या म्हायेरी फलटणला बी एक दिलंय! म्हंजी भावजयीनं चोरलंय!"

सगळ्या पाठी एकदम बोलायला लागल्या. कारकुनाला कुणाचं तोंड दिसेना, काय लिहावं कळेना. प्रांतसाहेब हसू दाबता दाबता लाल झाले. अधिकारी पाट्यांमधून एकटेच चालत गेले, प्रत्येक रोपाशी वाकले, आणि परत येऊन एवढंच म्हणाले, "सुभेदार, पाट्या सगळ्या चुकल्या आहेत. झाडं सगळी खरी आहेत. यातली काही मी बाकी कुठल्याच बागेत पाहिली नाहीत." मग माझ्याकडे बघून, "बाईंचं शिक्षण?"

आयुष्यात पहिल्यांदा मी पदवी सांगितली नाही.

पुढे मुंबईत अधिवेशन झालं, विधेयक मंजूर झालं, कायदा झाला. कुठल्या कुठल्या बागांचे तुकडे नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्यानं गेले, त्याच्या बातम्या मी वाचून दाखवत होते आणि सुभेदार प्रत्येक बागेसाठी उभे राहत होते. मग आमचा हुकूम आला. सदर उद्यानातील जमीन तूर्त वगळण्यात येत आहे. गावभर साखर वाटली. सासूबाईंनी रस्सा केला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सुभेदार बागेत जाऊन त्यासाठी रीतसर एक पान मागून आले. कुणाला मागितलं ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी ते नदीकडच्या बाजूला उभे होते. मी चहा घेऊन गेले.

"सूनबाई, तूर्त म्हंजी कवापत्तूर?"

मला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. "तूर्त म्हणजे आत्तापुरतं, मामा. कायदा आहेच. उद्या कुणी पुन्हा मागणी केली, तर पुन्हा समिती येईल."

त्यांनी पाण्याकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, त्यांना फार लागलं. पण वळले तेव्हा चेहरा शांत होता. "मग बरं हाय," म्हणाले. "फौजेत कुटली चौकी जन्माची मिळती? आपली ड्युटी असंल तवर राखायची. मग दुसरा गडी येतो, त्येच्या हवाली करायची आन झोपायचं."

"आणि दुसरा आलाच नाही तर?" मी विचारलं. मला तेव्हा कुणाच्याही बोलण्यावर एक प्रश्न चिकटवायची खोड होती.

सुभेदारांनी बशीत चहा ओतला. "आला न्हाई तर ड्युटी वाढती," ते म्हणाले.

ते गेले त्याला आता खूप वर्षं झाली. नदीकाठचा चाफा दोन पुरुष उंच झाला आहे. पाट्या मी मागाहून कुणाकडून तरी नीट करून घेतल्या. कायदा अजून आहे, आणि तो 'तूर्त'सुद्धा. सकाळी उजाडलं की मी काठी घेऊन त्या बाजूला एक फेरी मारते, दमले की थांबते, आणि फाटकाकडे बघते. अजून तरी कुणी आलेलं नाही.